फुली मारलेल्या जागी सही

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पंखा जरा कमी करता का? माझे कागद उडताहेत, आणि आज मला बोलायचं आहे ते कागदांवरच.

ही फाइल माझ्या भाच्याच्या गृहकर्जाची. मूळ बँकेत आहे, ही झेरॉक्स. मागे बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून सांगते, प्रत्येक पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली आहे. मी मोजल्या, ४३ भरल्या. भाचा वाघोलीला राहतो, आयटीत आहे. ऑफिसातला दोन ओळींचा ईमेल तो तीनदा वाचून मग पाठवतो. त्या दिवशी शाखेत बसून मात्र त्याने अर्ध्या तासात ४३ सह्या ठोकल्या. त्यातल्या चार सह्या कर्जाच्या नव्हत्याच. त्या विम्याच्या होत्या.

त्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवू? फुल्या मारणारा हात माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी बँकेत ३३ वर्षं काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून. ग्राहक समोर येऊन बसायच्या आधी कर्जाचा संच तयार ठेवायचा, फुल्या मारून, क्लिपा लावून. ग्राहकाचा वेळ वाचतो, असं आम्ही म्हणायचो. वाचायचाही. पण त्याच संचात विम्याचा फॉर्म कुठे सरकवायचा हेसुद्धा ठरलेलं असायचं. अगदी वर नाही, अगदी खाली नाही. माणसाचा हात चालू झालेला असतो आणि डोळे थकलेले असतात, अशा मधल्या जागी. २००० साली विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं, पुढे बँका विमा कंपन्यांच्या कॉर्पोरेट एजंट झाल्या, आणि आमच्या सोमवारच्या कॉलवर ठेवी आणि कर्जं यांच्या पाठोपाठ तिसरा प्रश्न यायला लागला : ‘विम्याचं किती झालं?’ मार्चमध्ये तो रोज यायचा. ‘हे कर्जाबरोबरच असतं हो,’ असं मी किती जणांना म्हटलं असेल, मोजलेलं नाही. आता निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दुपारी लोकांची तक्रारपत्रं लिहून देते. त्यात जुन्या हिशेबाचाही थोडा भाग असेल.

आधी कर्जाबरोबर येणारी ही विम्याची वस्तू काय आहे ते बघू. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. काही पॉलिसींत गंभीर आजार, अपघाताने आलेलं अपंगत्व, नोकरी गेल्यास काही महिन्यांचे हप्ते, असंही जोडलेलं असतं. घरात कमावता एकच, मुलं लहान आणि डोक्यावर ३० लाखांचं कर्ज असेल तर मी स्वतःच सांगेन, विमा घ्या. बहुतेक वेळा ही गट विमा पॉलिसी असते. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर, तुम्ही तिचे एक सभासद. त्यामुळे तुमच्या हातात जाडजूड पॉलिसी येत नाही, येतं ते एक-दोन पानी विमा प्रमाणपत्र. हप्ता एकरकमी आणि सुरुवातीलाच. तो तुमच्या खिशातून जात नाही, कर्जातच मिळवतात. ग्यानबाची मेख इथे आहे.

भाच्याचं मंजूर कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के. विम्याचा हप्ता १ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १ लाख १८ हजार. कर्जखातं सुरू झालं ते ३१ लाख १८ हजारांवर. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखाला महिना साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे विम्यापायी महिना १,०६२ रुपये. गुणिले २४०. अडीच लाखांच्या वर जातं, २ लाख ५५ हजारांच्या आसपास. आता प्रमाणपत्रातली ही ओळ ऐका : संरक्षणाची मुदत, ६० महिने. पाच वर्षं! कर्ज वीस वर्षांचं, विमा पाच वर्षांचा, आणि त्या पाच वर्षांच्या विम्याचे पैसे फेडायचे वीस वर्षं. बरं, पाच वर्षांनी ३० लाखांतलं फिटलेलं असतं किती? सुरुवातीचे हप्ते बरेचसे व्याजातच जातात, तेव्हा २६ लाख ६० हजारांच्या आसपास बाकी उरते. त्या दिवशी भाचा ३९ वर्षांचा असेल, मुलगी शाळेत असेल, आणि विमा संपलेला असेल.

हे त्याला कळलं सात महिन्यांनी. प्राप्तिकरासाठी बँकेकडून व्याजाचा दाखला काढला, मुद्दलाचा आकडा बघितला आणि मला फोन केला, ‘मावशी, बँकेने मला चुकून जास्त कर्ज दिलंय.’ मी म्हटलं, बाळा, बँक चुकून जास्त कर्ज देत नाही.

प्रमाणपत्र त्याला मिळालंच नव्हतं. ईमेलने पाठवलं होतं म्हणे. कुठल्या ईमेलवर? फॉर्मवर पत्ता होता तो कर्ज करून देणाऱ्या सेल्सच्या मुलाचा.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. इंग्लंडात याच वस्तूला पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स म्हणत, लोकांच्या तोंडी पीपीआय. मुख्यतः १९९० ते २०१० या काळात तिथे ६ कोटी ४० लाखांपर्यंत पॉलिसी विकल्या गेल्या. नोकरी गेली तर हप्ते भरू, अशी पॉलिसी निवृत्त माणसांच्या आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या गळ्यात मारली. ज्याला नोकरीच नाही त्याची नोकरी जाणार कशी? २००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने या सगळ्या बाजाराविरुद्ध तिथल्या यंत्रणेकडे तक्रार नेली. नियामकाने भरपाईचे नियम कडक केले तेव्हा बँकांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. मग बांध फुटला. तक्रारीसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरवावी लागली, आणि बँकांनी परत केलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली.

त्यातला एक खटला मी सारखा सांगते. सुझन प्लेविन नावाच्या बाई, वय ५९, विधवा, कॉलेजात शिकवायच्या. २००६ साली त्यांनी ३४ हजार पौंडांचं कर्ज घेतलं, दहा वर्षांसाठी. विम्याचा एकरकमी हप्ता ५,७८० पौंड, कर्जातच मिळवलेला. आणि विमा पाच वर्षांचा! वाघोली काय नि इंग्लंड काय. त्या हप्त्यातले ७१.८ टक्के कमिशन होतं, मध्यस्थ आणि कर्ज देणारी कंपनी यांनी वाटून घेतलेलं. बाईंना कमिशन असतं एवढं सांगितलं होतं, किती ते नाही. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एवढं मोठं कमिशन दडवलं तर कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातंच अन्याय्य ठरतं. शाखाधिकारी असताना मला हा निकाल माहीत असता तर मी वेगळी वागले असते का? प्रामाणिकपणे सांगते, मार्चमध्ये नसते वागले.

तिथे आणखी एक झालं. तक्रार करायला दमडी लागत नव्हती, तरी ‘तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्या उगवल्या आणि लोकांच्या भरपाईतून वाटा काढू लागल्या. शेवटी २०१८ मध्ये कायदा करून त्यांचा वाटा २० टक्क्यांवर आणावा लागला. आपल्याकडे त्यांचे चुलतभाऊ फोनवर असतात. ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय.’ आयआरडीएआय म्हणजे विमा नियामक, तो कुणाला फोन करून पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. फोन ठेवून द्या.

आता आपल्याकडचे नियम. बँकेने विमा विकायला बंदी नाही. गहाण ठेवलेल्या घराचा आगीचा विमा काढा, असं बँक म्हणू शकते, ते तिचं तारण आहे. कर्ज आणि विमा यांची सांगड घालायची मात्र तिला मुभा नाही. आमच्याचकडून विमा घ्या तरच चेक निघेल, हे चालत नाही. काही बँका विमा घेतल्यास व्याजात थोडी सवलत देतात. ते उघड सांगितलेलं असेल तर ठीक, तुम्ही आकडेमोड करून ठरवा. नियमाने बँक जीवन विम्याच्या नऊ कंपन्यांपर्यंत एजन्सी घेऊ शकते. तुम्हाला शाखेत कितींची नावं सांगितली होती, आठवून बघा.

सगळ्यात उपयोगी कागद नवा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, आणि तेही ग्राहकाला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा, लाजू नका. त्यात विम्याचा हप्तासुद्धा धरून कर्जाचा वर्षाचा खरा टक्का, म्हणजे एपीआर, लिहायचा असतो. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल तर ते वाचून विचार करायला तुम्हाला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. आणि त्यात न लिहिलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. या शेवटच्या वाक्यावर भाच्याचं अख्खं प्रकरण उभं राहिलं.

माझ्याकडे माणूस येतो तो चिडलेला येतो. खुर्चीत बसायच्या आधीच ‘मॅडम, यांना धडा शिकवायचाय’. मी म्हणते, आधी कागद मागू. तक्रार नंतर. मंजुरीपत्र, की फॅक्ट स्टेटमेंट, सही केलेला विम्याचा फॉर्म, विमा प्रमाणपत्र, पहिल्या दिवसापासूनचं कर्जखात्याचं स्टेटमेंट. कागद मागणारं पत्र सौम्य लिहावं. आरोप केला की शाखा सावध होते आणि उत्तर थेट मुख्य कार्यालयाच्या विधी विभागातून यायला लागतं.

आणखी एक गोष्ट मागायची, जी कुणाला सुचत नाही. ते फोनवरचं व्हेरिफिकेशन. कर्जाचा चेक निघायच्या आदल्या दिवशी सेल्सचा मुलगा भाच्याला म्हणाला होता, ‘सर, विमा कंपनीचा एक कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर उद्याचं डिस्बर्समेंट अडकेल.’ आम्ही ते रेकॉर्डिंग मागवलं. महिन्याने आलं. पावणेदोन मिनिटांचं आहे. मागे गाड्यांचे हॉर्न, बहुतेक नगर रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये असणार. कंपनीची मुलगी विचारते, ‘ही पॉलिसी आपण स्वेच्छेने घेत आहात ना?’ हा म्हणतो, ‘हो.’ ‘पॉलिसीचे फायदे आपल्याला समजावून सांगितले आहेत ना?’ ‘हो, हो.’ ‘आपल्याला कोणता आजार?’ इथे ती थांबते, तर हा म्हणतो ‘हो’! मग तीच म्हणते, ‘नाही ना सर?’ ‘नाही, नाही.’

(हशा)

हसू येतं, पण आम्ही ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आपण हरलो. मला नाही तसं वाटलं. कारण त्याच्या व्हॉट्सॲपवर त्या मुलाचा मेसेज होता, कॉलच्या दोन दिवस आधीचा : ‘सर इन्शुरन्स कंपल्सरी आहे त्याशिवाय चेक निघत नाही’. आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये विम्याच्या रकान्यात आडवी रेघ होती. म्हणून सांगते, ते मेसेज पुसू नका. गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो पुसा.

मग पत्र. भाच्याने पहिला खर्डा केला तो चार पानी. लूट, दरोडा, घोर विश्वासघात, शेवटी सोशल मीडियावर टाकण्याची धमकी. मी लाल पेन घेतलं. उरलं ते वाचून दाखवते :

‘माझ्या गृहकर्जखात्यात अमुक तारखेस रु. १,१८,००० विमा हप्ता म्हणून मिळवण्यात आले. मला दिलेल्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये ही रक्कम नाही. हा विमा ऐच्छिक आहे व तो अन्य कंपनीकडून घेता येतो, हे मला सांगण्यात आले नाही. उलट तो सक्तीचा असल्याचा आपल्या प्रतिनिधीचा मेसेज सोबत जोडला आहे. कर्जाची मुदत २० वर्षे असून विम्याची ५ वर्षे आहे, हेही सांगण्यात आले नाही. विमा प्रमाणपत्र माझ्या ईमेलवर आलेले नाही. तरी हप्त्याची पूर्ण रक्कम, ती कर्जात मिळवल्यामुळे आकारलेल्या व्याजासह, कर्जखात्यात जमा करावी व मासिक हप्ता त्यानुसार कमी करावा. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे.’

संपलं. विशेषण एकही नाही. प्रत्येक वाक्याला मागे एक कागद आहे, आणि शेवटी काय हवं ते रुपयांत आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं कधी लिहू नका. योग्य ती कार्यवाही म्हणजे काय ते बँक ठरवते, आणि तिच्या मते ती झालेली असते.

हे पत्र बँक आणि विमा कंपनी या दोघांना एकाच ईमेलमध्ये पाठवायचं. वेगवेगळं पाठवलंत तर टोलवाटोलवी सुरू होते. बँक म्हणते, पॉलिसी कंपनीची, त्यांना विचारा. कंपनी म्हणते, फॉर्म बँकेने भरला, त्यांना विचारा. एकाच ईमेलमध्ये दोघांचे पत्ते दिसले की निदान एकमेकांसमोर तसं म्हणायला अवघड जातं. शाखेतही एक प्रत नेऊन द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पोहोच द्यायला का-कू करतील. ‘मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य मीही पुष्कळ वापरलेलं आहे. तिथे वाद घालत न बसता बाहेर पडावं आणि स्पीड पोस्टाने पाठवावं.

एक मुदत लक्षात ठेवा, फ्री लूकची. विम्याचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत, कारण न सांगता, विमा परत करता येतो. पूर्वी हे साधारण १५ दिवस होते, २०२४ पासून ३० झाले. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा भाग, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. या तीस दिवसांत असाल तर एवढी लढाई करायचंच कारण नाही, एक अर्ज पुरतो. आणि कागद हातात आलाच नसेल तर मुदत सुरू कधी झाली, हा प्रश्न त्यांना लेखी विचारा. भाच्याच्या पत्रात ईमेलचं वाक्य आहे ते त्यासाठी.

बँकेचं उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं. ‘आपली स्वाक्षरी व ध्वनिमुद्रित संमती अभिलेखावर असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ अशी वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत, त्यामुळे सांगू शकते, ती पहिल्या फेरीसाठी असतात. शंभरातले बहुतेक लोक इथे थांबतात हे बँकेला माहीत असतं. आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, की ही वाट उघडते. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरायची, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. २०२१ पासून बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्या यांच्यासाठी ही एकच योजना आहे. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर मात्र नॅशनल हाउसिंग बँकेकडे जायचं. पतसंस्थेचं असेल तर रिझर्व्ह बँक काही करू शकत नाही, सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागतं.

विमा कंपनीविरुद्धची दुसरी वाट आपल्या गावातच आहे. विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे, आणि कंपनीने महिन्याभरात दाद दिली नाही तर विमा लोकपाल. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत. ज्या रस्त्यावर केसरीवाडा आहे तोच रस्ता. तुम्ही गणपतीत तिथून गर्दीत ढकलले गेले असाल, पण तिसऱ्या मजल्यावर आपलं गाऱ्हाणं फुकट ऐकणारा माणूस बसतो हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. वकील चालतच नाही तिथे, तुम्ही स्वतः बोलायचं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला तो पाळावा लागतो, आणि विरुद्ध गेला तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये याच शहरात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा व्हायला अजून बारा वर्षं होती. आपण आयत्या कायद्यावर बसलेलो आहोत.

भाच्याचं पुढे काय झालं? लोकपालाकडे तक्रार नोंदली गेल्यावर तीन आठवड्यांनी बँकेतून फोन आला, आवाज एकदम गोड. ‘सद्भावना म्हणून’ १ लाख परत देतो, जीएसटी सोडून. आम्ही म्हटलं, लेखी द्या. लेखी आलं ते पूर्ण १ लाख १८ हजारांचं, आणि ते कर्जखात्यात जमाही झालं. व्याजाचं अजून दिलेलं नाही. दहा महिन्यांचं साधारण ८,८५० रुपये होतं. तेवढ्यासाठी भांडताय का, असं मला माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं. हो, तेवढ्यासाठीच.

सगळी प्रकरणं अशी जात नाहीत. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, धायरीच्या. नवऱ्याचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, त्यावर कर्ज, कर्जावर विमा. दीड वर्षात तो गेला, हार्ट अटॅकने. कंपनीने दावा नाकारला, कारण फॉर्मवर मधुमेहासमोर ‘नाही’वर खूण होती आणि तो सहा वर्षं गोळ्या घेत होता. मी तो फॉर्म पाहिला. अकरा प्रश्न, अकरा खुणा, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या, एका दमात ओढलेल्या. खाली त्याची सही काळ्या शाईत. बाई म्हणाल्या, ‘त्यांनी विचारलंच नव्हतं हो, विचारलं असतं तर ते कशाला लपवतील, गोळ्यांचा डबा तर टीव्हीवर असायचा.’ पॉलिसीला तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही. इथे दीडच झालं होतं. पत्र मी लिहिलं, दोन शाईंचा मुद्दा मांडला, सोबत गेले. हरलो. वर्कशॉप विकून कर्ज फेडलं त्यांनी. सेल्सची मुलं सात-आठ वर्षं असे फॉर्म भरतात, वरून टार्गेट येतं, आणि अशी एखादी खूण कुठल्या घरात जाऊन पडते हे त्यांना कधी कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. आरोग्याचे प्रश्न स्वतःच्या हाताने भरा. बीपीची गोळी असेल तर बीपीची गोळी लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

कर्ज मुदतीआधी फेडलंत किंवा दुसऱ्या बँकेत नेलंत तर विम्याचं काय, असा एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. चांगला आहे. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीला सहसा सरेंडर मूल्य असतं, म्हणजे उरलेल्या मुदतीपोटी काही रक्कम परत मिळते, किंवा विमा पुढे चालू ठेवता येतो. पण फोरक्लोजरच्या वेळी ते आपणहून कुणी सांगत नाही. ना-हरकत दाखला मागाल त्याच अर्जात एक ओळ घाला.

आणि हा दुसरा : ‘विमा परत केला तर बँक कर्ज मागे घेईल का?’ हा प्रश्न दरवेळी येतो, आणि विचारणारा माणूस दरवेळी आवाज खाली करतो. हप्ते वेळेवर जात असतील तर विमा नको म्हटलं एवढ्यावर बँक कर्ज परत मागू शकत नाही. विम्यापोटी व्याजात सवलत दिली असेल तर ती काढून घेऊ शकते, तेवढं मंजुरीपत्रात बघून घ्या. मला काळजी दुसऱ्या गोष्टीची असते. रागाच्या भरात आज विमा परत करतात आणि दुसरा घ्यायचा राहून जातो. भाच्याचं ते चौदा ओळींचं पत्र अकरा दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. त्याची नवीन टर्म पॉलिसी, वीस वर्षांची, बायकोच्या नावे नॉमिनेशन केलेली, घरी आली, त्याने ती मला दाखवली, मी फॉर्मवरचे आरोग्याचे रकाने त्याच्याच अक्षरात आहेत का ते बघितलं, आणि मग त्याला म्हटलं, आता पाठव.